संगणकाला पाणी पाजताना

मे महिन्यात नागपुरातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात कूलरचा पंप मागणाऱ्या माणसाकडे कुणी वळूनही बघत नाही. अख्खं शहर त्याच रांगेत उभं असतं. पण पंप हातात घेतल्यावर गिऱ्हाईक ‘आवाज किती करतो?’, ‘रात्रभर चालू ठेवला तर जळणार नाही ना?’ आणि ‘तोंडाला अर्ध्या इंचाचा पाइप घट्ट बसेल का?’ असं विचारायला लागलं, की दुकानदाराला शंका येते.

‘भाऊ, कूलर किती फुटाचा आहे?’

‘कूलर नाही. कॉम्प्युटरला लावायचाय.’

दुकानदार पंप देतो, पैसे घेतो. वॉरंटीच्या कार्डावर शिक्का मात्र मारत नाही.

संगणक पाण्यानं थंड ठेवायचा प्रकार तसा सोपा. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवायचा. त्यातून पाणी फिरवायचं. ठोकळ्यानं दिलेली उष्णता पाण्यानं घ्यायची आणि रेडिएटरमध्ये नेऊन हवेला द्यायची. मागून पंखा, मधे पंप, की झालं चक्र पूर्ण. हेच बाजारात सीलबंद, तयार मिळतं. पाच-सात हजारांत काम होतं. काचेच्या पेटीत रंगीत दिवे, कडक नळ्यांची काटकोनी वळणं असा थाट हवा असेल तर चाळीस-पन्नास हजार सहज जातात. या दोन्ही वाटा सोडून तिसरीनं जाणारा एक वर्ग आहे. किंमत वाचून तो चित्राकडे बघतो आणि म्हणतो, ‘यात आहे काय एवढं?’ या चार शब्दांपायी मराठी घरांतले किती मिक्सर आणि गीझर कायमचे निकामी झाले याची मोजदाद नाही. संगणक या यादीत जरा उशिरा आला, इतकंच.

या वर्गाची वंशावळ मात्र अस्सल आहे. १९९८ साली इंटेलनं सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. तो ३०० मेगाहर्ट्झचा होता, पण त्याच्या बसचा, म्हणजे मदरबोर्डशी बोलण्याचा वेग ६६ वरून १०० वर नेला की बहुतेक वेळा तो मुकाट ४५० वर पळायचा. म्हणजे स्वस्त माल घेऊन महागाचा वेग. जगभरातल्या काटकसरी पोरांच्या तोंडाला रक्त लागलं ते इथं. पुढे एएमडीचा अ‍ॅथलॉन आला. वेग झकास, पण १.४ गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन सत्तर वॉटच्या वर उष्णता सोडायचा आणि स्वतःला सांभाळायची अक्कल त्याला नव्हती. २००१ च्या सप्टेंबरमध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळानं चालू संगणकाच्या प्रोसेसरवरचा हीटसिंक उचलून दाखवणारी चित्रफीत काढली. पेंटियम ४ नं नुसता वेग कमी केला. अ‍ॅथलॉन धूर सोडून मेला.

मग त्याला थंड ठेवायला साठ मिलिमीटरचे छोटे पंखे मिनिटाला सात-सात हजार फेरे मारू लागले. त्या आवाजात अभ्यास नाही, झोप नाही, आणि ज्या खेळासाठी एवढा खटाटोप त्यातल्या बंदुकांचा आवाजही नाही. पाण्याकडे लोक वळले ते थंडाव्याइतकेच शांततेसाठी. तयार सामान तेव्हा दुर्मीळ, असलं तर महाग. तेव्हा अमेरिकेतली पोरं भंगारवाल्यांकडे जाऊन जुन्या मोटारींच्या हीटरचे छोटे रेडिएटर काढून आणू लागली. थंडीत गाडीच्या आतल्या माणसांना ऊब देण्यासाठी केलेली ही वस्तू, तांबं-पितळेची, दणकट. १९७७ च्या पाँटिअ‍ॅक बॉनव्हिलचा हीटर कोअर तर या मंडळींत इतका गाजला, की गाडी कशी दिसते हे ठाऊक नसलेल्यांना तिच्या हीटरची मापं तोंडपाठ होती. पंप जर्मनीच्या एहाइम कंपनीचा, मत्स्यालयासाठी केलेला. ठोकळा गॅरेजमधल्या ड्रिल मशिनवर घरीच कोरलेला. म्हणजे जगातला सर्वात सूक्ष्म कारागिरीचा तुकडा मोटारीच्या आणि माशांच्या भरवशावर सोडलेला.

मोठी यंत्रं याच वाटेनं आधीच गेली होती, हे त्यातल्या त्यात समाधान. आयबीएमचा सिस्टिम/३६० मॉडेल ९१ साठच्या दशकातच पाण्यावर चालत होता. १९८५ चा क्रे-२ तर फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात चक्क बुडवलेला होता. पुण्यात आयसरमध्ये बसवलेला ‘परम ब्रह्म’ही द्रवानंच थंड होतो. फरक एवढाच, की तिथल्या कुणाला जुन्या बाजारात जाऊन घासाघीस करावी लागली नाही.

पाणी कशाला, हवा काय वाईट आहे, हा प्रश्न घरातले वडीलधारे विचारतातच. उत्तर आकड्यांत आहे. तेवढ्याच आकारमानाची हवा आणि पाणी एकेक अंशानं तापवायचं, तर पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता पिऊन बसतं. मिनिटाला एक लिटर पाणी फिरवलं तर शंभर वॉटचा प्रोसेसर त्याला जेमतेम दीड अंशानं तापवतो. म्हणून पाण्याचा जोर लागत नाही. मत्स्यालयाचा पंपही पुरतो.

यातूनच काटकसरीची पहिली महान कल्पना निघते. पाणी एवढी उष्णता पीत असेल, तर रेडिएटर हवा कशाला? बादली आहे की! वीस लिटरची बादली टेबलाखाली ठेवायची, पंप तीत सोडायचा, काम फत्ते. गणित मात्र बादलीच्या बाजूनं नसतं. ग्राफिक्स कार्ड धरून तीनशे वॉटचा संगणक वीस लिटर पाण्याला जवळजवळ पाच मिनिटांत एक अंश चढवतो. खेळ रंगात यायला तासभर लागतो, तोवर पाणी बारा-तेरा अंशांनी चढून आंघोळीला तयार. ‘गीझरचं बिल वाचेल’ हा युक्तिवाद या टप्प्यावर हमखास होतो. आंघोळीसाठी रोज तासभर युद्ध खेळायची तयारीही दाखवली जाते.

मग नजर जाते मोरीतल्या निळ्या पिंपाकडे. दोनशे लिटर! इथं मात्र गणित हौशी माणसाच्या बाजूनं वळतं. तीनशे वॉटला दोनशे लिटर पाणी एक अंश तापवायला पाऊण तास लागतो. संध्याकाळचे चार तास खेळलं तरी पाच-सहा अंश, आणि रात्रीत पिंप आपोआप निवतं. रेडिएटर नाही, पंखा नाही, खर्च नाही. अडचण एकच: पिंपावर आधीपासून घराचा हक्क असतो. नळ दिवसाआड येणाऱ्या घरात पिंपात दोन नळ्या सोडून ठेवणाऱ्याला जे ऐकावं लागतं, ते विनोदी लेखातही छापता येत नाही. शिवाय बोअरचं पाणी असेल तर त्यातले क्षार ठोकळ्यातल्या बारीक खाचांमध्ये जाऊन बसतात, आणि कुकरच्या तळाला जे पांढरं पुट धरतं ते प्रोसेसरच्या डोक्यावर धरू लागतं.

अखेर सुधारून वागायचं ठरतं आणि खरेदी सुरू होते. पुण्यात असेल तर तापकीर गल्ली, रविवारी किंवा बुधवारी जुना बाजार. मुंबईत लॅमिंग्टन रोड, गाडीच्या सुट्या भागांसाठी कुर्ला. गंमत अशी, की कामाच्या निम्म्या वस्तू संगणकाच्या दुकानात मिळतच नाहीत. पारदर्शक नळी मिळते हार्डवेअरच्या दुकानात, गवंड्यांच्या लेव्हल पाइपच्या नावानं. गवंडी तिच्यात पाणी भरून भिंतीच्या दोन टोकांची पातळी जुळवतो. हा माणूस ती वळवून संगणकाच्या पोटात घालतो. वळण जरा जास्त दिलं की नळी मुडपते आणि पाणी थांबतं. मग बाहेरून स्प्रिंग गुंडाळणं आलं. शुद्ध पाणी मिळतं बॅटरीवाल्याकडे, पाच लिटरच्या कॅनमध्ये. क्लॅम्प गॅसच्या नळीचे. सांध्यांना एम-सील, ते तर असतंच.

खरी परीक्षा तांब्याच्या ठोकळ्याची. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे, पेशवाईपासूनची. तांब्याचं काम म्हणून हौशी माणूस भाबडेपणानं तिकडेही डोकावतो. तिथले कारागीर पत्र्याला ठोके देऊन बंब-हंडे घडवतात, आणि त्या ठोक्यांच्या खुणांनाच तर किंमत असते. याला हवा असतो सपाट, आरशासारखा तळ, ज्यावर एकही खूण चालत नाही. शेवटी औद्योगिक वसाहतीतला लेथवाला मिस्त्री गाठावा लागतो. मिस्त्री आधी नकाशा मागतो. नकाशा वहीच्या मागच्या पानावर, पेन्सिलीनं काढलेला असतो. मिस्त्री तो उलटा धरून वाचतो, तसाच बरोबर दिसतो म्हणतो, आणि ‘बुधवारी या’ सांगतो. कुठला बुधवार ते विचारायचं नसतं.

ठोकळा आला की घासणं. जाड काचेवर पॉलिश पेपर पसरायचा, पाणी शिंपडायचं आणि ठोकळ्याचा तळ आठच्या आकड्यात फिरवत राहायचं. आधी चारशे नंबरचा कागद, मग आठशे, हजार, दोन हजार. मनगट दुखायला लागतं, बोटं हिरवट-काळी होतात, आणि तळात स्वतःचा चेहरा दिसू लागतो. त्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते तयार वस्तू घेणाऱ्याच्या नशिबी नाही, हे मान्य करायला हवं. त्या तळावर मग थर्मल पेस्ट लावायची. इथंही काटकसर सुचतेच: टूथपेस्ट चालेल का? चालते, ऑस्ट्रेलियातल्या एका हार्डवेअर-परीक्षकानं टूथपेस्टच काय, पावाला लावायचं व्हेजिमाइटही लावून पाहिलं होतं आणि सुरुवातीला दोन्ही बरी निघाली. पण वाळली की संपलं. दर आठवड्याला प्रोसेसरचे दात घासायची तयारी असेल तरच हा मार्ग घ्यावा.

आता गळती. सगळं जोडून झाल्यावर थेट संगणक सुरू करणारा माणूस शूर म्हणावा लागेल. जाणते लोक आधी फक्त पंप चालवतात. बारा व्होल्टचा पंप असेल तर संगणकाच्या वीजपेटीच्या जाड जोडणीतली हिरवी तार आणि शेजारची काळी तार कागदाच्या टाचणीनं, म्हणजे त्या वाकड्या क्लिपनं जोडायची. पेटीला वाटतं संगणक चालू झाला. बाकी सगळ्या तारा काढून ठेवलेल्या. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर पसरायचा आणि रात्रभर सोडून द्यायचं. आणि ‘सोडून द्यायचं’ हे बोलायला सोपं. माणूस दर अर्ध्या तासानं टॉर्च घेऊन उठतो. पहिल्या तासात ठोकळ्याच्या झाकणापाशी कागदावर वाटाण्याएवढा ओला डाग दिसतो. क्लॅम्प आवळावा तर अ‍ॅक्रिलिकचं झाकण तडकतं. न आवळावा तर डाग रुपयाएवढा होतो. त्यातच पंपातून घरघर ऐकू येते, कारण नळीत हवा अडकलेली असते. ती काढायला पंधरा किलोची पेटी दोन्ही हातांनी उचलून डावीकडे, उजवीकडे, मागे कलती करायची. मध्यरात्री संगणक कडेवर घेऊन डुलवणारा बाप पाहिला की घरातली माणसं काही विचारत नाहीत, दिवा मालवून झोपतात.

बॅटरीचं पाणी वीज वाहून नेत नाही, मग गळलं तर काय बिघडलं, असा धीर काही जण देतात. पहिल्या दिवशी तो बराचसा खरा असतो. महिनाभर तांब्यातून आणि पितळेतून फिरलेलं पाणी तितकं सोवळं राहत नाही.

एक गोष्ट थट्टेवारी न्यायची नाही. कूलरचा पंप २३० व्होल्टवर चालतो आणि पाण्यात बुडालेला असतो. कूलरच्या शॉकनं माणसं दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. अर्थिंग नसेल आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच नसेल, तर तो पंप संगणकाच्या पत्र्याच्या पेटीजवळही आणू नये. त्यापेक्षा बारा व्होल्टचा पंप घ्यावा, शे-दोनशे रुपये जास्त गेले तरी.

त्या स्वस्त पंपाची आणखी एक खोड आपल्याकडेच कळते. संगणक यूपीएसवर असतो आणि पंप साध्या प्लगवर. वीज गेली की संगणक ऐटीत चालू राहतो, पंप थांबतो, आणि ठोकळ्यातलं चमचाभर पाणी उकळीच्या वाटेला लागतं. अ‍ॅथलॉनच्या काळात याचा शेवट धुरात झाला असता. आजचे प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचले की स्वतःच वेग उतरवतात, तरीही नाही भागलं तर बंद पडतात. म्हणजे लोडशेडिंगपासून बचाव करायची अक्कल प्रोसेसरला आली, पण ज्यानं पंप दुसऱ्या प्लगला लावला त्याला यायची राहिली.

सगळं नीट जमलं आणि सहा महिने गेले, की पाण्याचा रंग बदलतो. हिरवट झालं तर शेवाळ. त्यावर मोरचुदाचे दोन-चार थेंब किंवा चांदीची तार टाकतात. पाण्याच्या भांड्यात चांदीचं नाणं टाकणाऱ्या आजीला हे सांगितलं तर ती ‘मग मी काय सांगत होते’ म्हणते. पण पाण्यात पांढरा गाळ दिसला तर प्रकरण गंभीर. ठोकळा तांब्याचा आणि ऑनलाइन स्वस्तात मिळालेला रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा, हे एका पाण्यात नांदत नाहीत. दोघांमध्ये बॅटरी तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. रेडिएटरवर वाचवलेले आठशे रुपये असे गाळाच्या रूपानं ठोकळ्यात येऊन बसतात. गाडीतला कूलंट घातला तर झीज लांबते. दोन्ही वस्तू तांबं-पितळेच्या घेतल्या असत्या तर हा प्रश्नच नव्हता, हे वाक्य प्रत्येकाला सहा महिन्यांनीच ऐकायला मिळतं.

आणि एवढं करून पाणी थंड किती होतं? खोलीतल्या हवेइतकं, त्याखाली नाही. रेडिएटरला हवेपेक्षा गार होता येत नाही. नागपुरात खोली चव्वेचाळीस अंशांवर असेल तर पाणी त्याच्या वरच. इथं बर्फ आठवतो. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल पितो. तीनशे वॉटच्या संगणकापुढे तो अठरा-एकोणीस मिनिटं टिकतो. फ्रीजमधला एक ट्रे पाच-सहा मिनिटं. म्हणजे खेळणाऱ्यापाठोपाठ बर्फ आणणारा एक माणूस ठेवावा लागतो, आणि जुलैतल्या मुंबईत तर वेगळाच घोळ: हवेतली वाफ बर्फाळ नळीवर जमते आणि थेंब थेंब मदरबोर्डवर उतरते. गळती न होता गळती.

याला खरा देशी उतारा म्हणजे माठाचं तत्त्व. परदेशातल्या हौशींनी सन दोन हजारच्या सुमारास तोच केला: सांडपाण्याचा जाडा पीव्हीसी पाइप उभा करायचा, वर शॉवरचं तोंड, खालून पंखा. पाणी थेंबाथेंबानं पडताना थोडं बाष्प होऊन उडतं आणि उरलेलं गार होतं. तीनशे वॉटसाठी तासाला अर्धा लिटर पाणी उडावं लागतं. चव्वेचाळीस अंश आणि पंधरा टक्के आर्द्रता असलेल्या नागपुरी दुपारी हे पाणी तत्त्वतः तेवीस अंशांपर्यंत उतरू शकतं. तेच मुंबईच्या जुलैत एक-दोन अंशांनी उतरलं तरी नशीब. विदर्भातल्या हौशी माणसाला इथं आपला प्रांत जगाच्या पुढे असल्याचा साक्षात्कार होतो. पंप, पडणारं पाणी, पंखा, खाली टाकी. तेवढ्यात खोलीत आलेली आई विचारते, ‘अरे, एवढा कूलर बनवलाच आहेस तर तोंड पलंगाकडे कर की.’

पाणीच नको म्हणणारेही आहेत. ‘टॉम्स हार्डवेअर’नंच २००६ मध्ये संगणकातले पंखे काढून तो आठ गॅलन खाद्यतेलात बुडवला होता. तो चाललाही. आठ गॅलन म्हणजे तीस लिटर, म्हणजे पंधरा किलोचे जवळजवळ दोन डबे. शेंगदाण्याच्या तेलाचा भाव बघता हा मार्ग महाराष्ट्रात कमी खर्चाचा म्हणवत नाही, आणि काही महिन्यांनी तेल खवट झाल्यावर त्या मदरबोर्डला कोण हात लावणार?

हिशेबाची वही कुणी ठेवत नाही. ठेवली तर ती साधारण अशी निघते: पंप तीनशे, तांबं नऊशे, मिस्त्रीची मजुरी पाचशे, भंगारातला रेडिएटर सहाशे, दोन पंखे आठशे, नळी, क्लॅम्प, पेस्ट, बॅटरीचं पाणी मिळून सहाशे. तीन हजार सातशे. तडकलेलं पहिलं झाकण, चुकीच्या मापाची नळी आणि लेथवाल्याकडच्या चकरांचं पेट्रोल यात नाही. अडीच-तीन हजारांत चांगला उंच हवेचा कूलर येतो, तो गळत नाही, त्याला शेवाळ धरत नाही, आणि साध्या प्रोसेसरला तो भरपूर होतो. अडीचशे वॉट ओढणारे आजचे अगडबंब प्रोसेसर सोडले तर पाण्याची गरज कुणाला फारशी नाही. हे प्रत्येक हौशी माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. विचारलं तर तो म्हणतो, ‘हो, पण ते नुसतं विकत आणून लावायचं.’

मग केव्हातरी प्रोसेसर जुना होतो. इंटेलनं २०२१ साली एलजीए १७०० हा सॉकेट आणला तेव्हा कूलर बसवायच्या भोकांमधलं अंतर पंचाहत्तर मिलिमीटरवरून अठ्ठ्याहत्तरवर नेलं. तयार कूलरवाल्यांनी बऱ्याच ठिकाणी नव्या पट्ट्या पाठवल्या. घरच्या ठोकळ्याची पट्टी मिस्त्रीनं केलेली, तेव्हा गिऱ्हाईक पुन्हा त्याच्या दारात.

‘मागच्याच वेळी म्हटलं होतं साहेब, भोकं लांबट ठेवू. किती हवंय?’

‘तीन मिलिमीटर.’

मिस्त्री मशीन चालू करत नाही. फळीवरची गोल कानस काढून पुढे करतो. ‘एवढ्याला मशीनचा चार्ज काय लावू? व्हाइस मोकळा आहे. चारही भोकं बाहेरच्या अंगाला तिरकी घासा, आणि मधेमधे मापत जा.’